आयरीनची बत्तीस वर्षं कुणाच्या हिशेबात?

३ ऑगस्ट २०२५ रोजी सिडनीत लोगी पुरस्कारांचा सोहळा झाला आणि गोल्ड लोगी लिन मॅकग्रेंजर यांना मिळाला. वय ७२. 'होम अँड अवे' या दैनंदिन मालिकेत आयरीन रॉबर्ट्स ही एकच भूमिका त्यांनी १९९३ पासून २०२५ पर्यंत केली. ऑस्ट्रेलियन टीव्हीवर लोकांच्या मतांनी दिला जाणारा हा सर्वांत मोठा सन्मान. तो जाहीर झाला आणि जुना वाद नव्याने पेटला. एका बाजूचं म्हणणं असं की हे अभिनयाचं बक्षीस नाही, इतकी वर्षं जागा न सोडल्याबद्दलचा निरोपाचा हार आहे. दुसरी बाजू मालिकेच्या बचावाला धावली आणि तिने नेहमीची यादी पुढे केली: हीथ लेजर इथलाच, क्रिस हेम्सवर्थ इथलाच, नेओमी वॉट्स, आयला फिशर, समारा वीव्हिंग इथल्याच. चार महिन्यांनी, ११ डिसेंबर २०२५ रोजी 'नेबर्स' ही दुसरी मोठी मालिका बंद झाली, तेव्हाही हेच. कायली मिनोग, गाय पिअर्स, मार्गो रॉबी अशी नावं मोजून दाखवायची आणि म्हणायचं, बघा, काय कारखाना बंद पडतोय.

या दोन्ही बाजू एकाच मापाने मोजतात. टीकाकार म्हणतात, खरी अभिनेत्री इथून बाहेर पडते. समर्थक म्हणतात, इथून बाहेर पडलेल्या किती आहेत ते पाहा. म्हणजे जी बाहेर पडली नाही तिच्या कामाबद्दल दोघांकडेही बोलायला काही नाही. माझं मत असं की मॅकग्रेंजर यांची कारकीर्द हे एका स्वतंत्र कलाप्रकारातलं पूर्ण काम आहे. हॉलिवूडच्या उंबरठ्यावर थांबलेली ती अर्धी वाट नव्हे. हे मान्य केलं नाही, तर ऑस्ट्रेलियाने टीव्हीसाठी जो नवा कायदा केला आहे त्याचं मूल्यमापनही आपण चुकीचं करू.

आधी यादीकडेच नीट पाहू. हेम्सवर्थ २००४ ते २००७ या मालिकेत होते. आयला फिशर १९९४ ते १९९७. नेओमी वॉट्स तर १९९१ मध्ये अगदी थोडा काळ. 'नेबर्स'च्या यादीत रसेल क्रो यांचं नाव हटकून येतं, पण १९८७ मध्ये त्यांनी मोजके चार भाग केले होते. ही सगळी माणसं तरुणपणी आली आणि तरुणपणीच गेली. मालिकेने त्यांना शिस्त दिली, कॅमेऱ्याची भीती घालवली, हे खरंच. पण एवढ्यावर मालिकेची किंमत ठरवायची, तर ती एक शिकवणीचा वर्ग ठरते, आणि मग टीकाकार सरळ विचारतात की असा वर्ग अभिनयाच्या शाळेतही चालतो, त्यासाठी आठवड्याला पाच भाग कशाला काढायचे? या प्रश्नाला यादीकडे उत्तर नाही. उत्तर आहे ते राहिलेल्या माणसांच्या कामात.

ते काम नेमकं कसं चालतं? जाहिराती वगळल्या तर अशा मालिकेचा एक भाग साधारण २२ मिनिटांचा असतो. आठवड्याला पाच भाग धरले तर ११० मिनिटं, म्हणजे एका चित्रपटाची लांबी. चित्रपटाला तेवढ्यासाठी आठ-दहा आठवडे मिळतात, इथे तेवढं चित्रीकरण दर आठवड्याला उरकायचं. 'होम अँड अवे'चे आतले प्रसंग सिडनीच्या इव्हली भागातल्या स्टुडिओत होतात आणि समुद्रकिनाऱ्यावरचे प्रसंग शहराच्या उत्तरेला पाम बीचवर, जो पडद्यावर 'समर बे' म्हणून दिसतो. प्रक्षेपणाच्या साधारण पाच-सहा महिने आधी चित्रीकरण झालेलं असतं. त्यामुळे प्रेक्षकांना काय आवडलं, काय खटकलं हे कळेपर्यंत नटी त्या कथानकातून कधीच पुढे निघून गेलेली असते. शिवाय काहीच क्रमाने होत नाही. दाराबाहेरचा प्रसंग किनाऱ्यावर एका दिवशी आणि दाराच्या आतला, पडद्यावर त्याला लागूनच येणारा, वेगळ्या दिवशी स्टुडिओत. एकाच दिवसात दोन वेगळ्या आठवड्यांचे, दोन वेगळ्या दिग्दर्शकांचे प्रसंग येऊ शकतात. सकाळी आयरीनला एक बातमी कळायची असते आणि दुपारी ती बातमी पचवून झालेली असते. रडण्याची पातळी कुठे होती, राग किती निवला होता, हे त्या दिवशी कुणी समजावत बसत नाही. ते नटीने डोक्यात बाळगायचं.

आयरीनचं बरंचसं आयुष्य डायनरमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या खानावळीत गेलं. आता काउंटरवरचा एखादा साधा प्रसंग घ्या. हातात फडकं आहे, समोर कपबश्या आहेत, गिऱ्हाईक येतंय-जातंय, आणि या सगळ्यात समोरच्याला एक कठीण गोष्ट सांगायची आहे. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असतील तर निदान हालचाल सगळ्या कोनांतून एकदमच टिपली जाते. बाहेर एका कॅमेऱ्यावर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि प्रत्येक टेकमध्ये कप त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलावा लागतो. तो अर्धा सेकंद उशिरा उचलला की संकलनात जोड लागत नाही आणि मग संकलक त्या टेकमधला सर्वांत चांगला क्षण बाजूला ठेवून जुळणारा, पण मिळमिळीत क्षण वापरतो. कच्चा नट इथे दोन चुका करतो. एक तर हातातलं काम सोडून नुसता उभा राहून वाक्य म्हणतो, म्हणजे खानावळ खानावळ राहत नाही. नाहीतर काम करत राहतो आणि वाक्य वाहून जातं. कामाचा ताल आणि बोलण्याचा ताल वेगळे ठेवून नेमक्या ठिकाणी फडकं थांबवणं ही हजारो भागांनी घडवलेली गोष्ट आहे. तीही कशी, तर एक-दोन टेकमध्ये, आदल्या रात्री पाठ केलेल्या आणि कधी सकाळी बदलून आलेल्या संवादांसह.

याहून मोठं काम दिसत नाही. बत्तीस वर्षांत लेखक बदलले, निर्माते बदलले, दिग्दर्शक तर किती आले नि गेले. आयरीनने १९९० च्या दशकात काय भोगलं होतं हे अलीकडच्या लेखकाला टिपणांतून कळतं, नटीला ते आतून ठाऊक असतं. मॅकग्रेंजर यांनी ही भूमिका स्वीकारली तेव्हा ती कोरी नव्हती. आयरीन याआधी जॅकी फिलिप्स यांनी पाहुणी भूमिका म्हणून केली होती: दारूच्या आहारी गेलेली, मुलांना मारणारी आई. तिथून समोरच्या प्रत्येकाला 'डार्ल' म्हणणारी, दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांना घरात घेणारी बाई उभी करायची होती, आणि जुनी आयरीन प्रेक्षकांच्या लक्षात असताना करायची होती. एखादी सुमार नटी जुनी आयरीन पुसून टाकून मोकळी झाली असती. मॅकग्रेंजर यांनी तो भूतकाळ पात्राच्या अंगात ठेवला. म्हणूनच पुढे आयरीन पुन्हा दारूकडे वळली तेव्हा ते कथानकाची गरज म्हणून चिकटवल्यासारखं वाटलं नाही.

आणि शेवट. २०२५ मध्ये आयरीनला अल्झायमर झाल्याचं निदान होतं आणि त्या कथानकातून मॅकग्रेंजर मालिकेबाहेर पडतात. चित्रपटात विस्मरणाची गोष्ट सांगायची तर दिग्दर्शकाला आधी आठवणी तयार कराव्या लागतात: दोन-तीन भूतकाळातले प्रसंग, एखादा जुना फोटो, एखादं गाणं. दीड तासात प्रेक्षकाला त्या आठवणी उसन्या द्यायच्या आणि मग त्या हिरावून घ्यायच्या. इथे आठवणी प्रेक्षकाच्या स्वतःच्या आहेत. आयरीन जे विसरते आहे ते बघणाऱ्याला आठवतंय, कारण ते त्याने त्या-त्या वर्षी, त्या-त्या संध्याकाळी पाहिलेलं आहे. समोर तिची मैत्रीण लिया आहे, आणि लियाची भूमिका करणाऱ्या अ‍ॅडा निकोडेमू २००० पासून तिथेच आहेत. पंचवीस वर्षं एकत्र काम केलेल्या दोन अभिनेत्री हा प्रसंग करत आहेत. जगातल्या कोणत्या चित्रपटाला, कोणत्या सहा भागांच्या प्रतिष्ठित मालिकेला हे जमेल? पैसे कितीही टाका, बत्तीस वर्षं विकत मिळत नाहीत.

आता विरोधी बाजूचे मुद्दे, आणि त्यातले काही खरोखर जड आहेत. पहिला पुरस्काराबद्दलच. गोल्ड लोगी लोकप्रियतेचा आहे, परीक्षकांचा नाही, आणि त्याचा इतिहास फारसा गंभीर नाही. २०१८ मध्ये तो ग्रँट डेनियर यांना मिळाला तेव्हा ते सूत्रसंचालन करत असलेला गेम शो बंद करण्याचं जाहीर झालेलं होतं. विनोदवीर टॉम ग्लीसन यांनी त्यांच्यासाठी उघड मोहीम चालवली होती आणि पुढच्या वर्षी तशीच मोहीम स्वतःसाठी चालवून तो जिंकला. अशा पुरस्काराने अभिनयाची गुणवत्ता सिद्ध होत नाही, हे मान्यच. मीही मॅकग्रेंजर यांची बाजू ट्रॉफीच्या जोरावर मांडत नाही. पण एक गोष्ट नोंदवावी लागते. २०१७ मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांच्यानंतर हा पुरस्कार सतत सूत्रसंचालक आणि विनोदवीरांकडे गेला, आणि २०२५ च्या नामांकनांतही मालिकेत अभिनय करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. लिसा मॅक्यून यांना 'ब्लू हीलर्स'साठी १९९७ ते २००० सलग चार गोल्ड लोगी मिळाले, केट रिची यांना २००७ आणि २००८ असे दोन. आठव्या वर्षापासून वीस वर्षं सॅली फ्लेचर साकारणाऱ्या रिची याच समर बेच्या. तेव्हा कथा सांगणारी अभिनेत्री देशाच्या टीव्हीचा चेहरा असणं स्वाभाविक होतं. आता ते अपवाद वाटतं, कारण कथाच कमी झाल्या आहेत. लोकांनी वर्षं मोजून मत दिलं असं म्हणणाऱ्यांनी हेही विचारावं की इतकी वर्षं देणारं दुसरं व्यासपीठ उरलं आहे का?

दुसरा मुद्दा दर्जाचा. समर बे हे किनाऱ्यावरचं चिमुकलं गाव, आणि तिथे आगी, पूर, वादळं, स्फोट, खून यांची रांग लागलेली. संवाद पुष्कळदा आधीच्या भागात काय झालं ते सांगण्यासाठीच असतात. प्रसंगाच्या शेवटी क्लोजअपमध्ये डोळे विस्फारून थांबायचं, मग जाहिरात. हे सगळं खरं आहे आणि त्याचा बचाव करण्यात अर्थ नाही. पण याचा निष्कर्ष नटीच्या विरोधात कसा निघतो? चांगल्या संहितेत चांगलं दिसणं तुलनेने सोपं असतं. जिथे लेखकाला दुसरा खर्डा लिहायला वेळ नाही, तिथे अशक्य घटनेला माणसाच्या मापात आणायचं काम नटीवर येऊन पडतं. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. रोहिणी हट्टंगडी यांनी कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला आणि पुढे 'चार दिवस सासूचे' ही तीन हजारांहून अधिक भागांची मालिका केली. त्या पुरस्काराच्या वेळी थोर आणि मालिकेत आल्यावर सामान्य अशा दोन वेगळ्या अभिनेत्री नव्हत्या.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. ही बत्तीस वर्षं कुणाला मिळाली? 'नेबर्स' १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मुख्य नटसंचात पहिला आदिवासी कलाकार, मेन वायट, २०१४ मध्ये आला. एकोणतीस वर्षं लागली. 'होम अँड अवे'त पराटा हे माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं) कुटुंब आलं ते २०२० मध्ये. डेबोरा मेलमन यांच्यासारख्या मोठ्या आदिवासी अभिनेत्रीची टीव्ही कारकीर्द घडली ती मालिकांच्या या गल्लीबाहेर: 'द सीक्रेट लाइफ ऑफ अस', 'रेडफर्न नाउ', 'टोटल कंट्रोल'. तेव्हा या किनाऱ्यावरच्या घरांत कोण राहू शकतं आणि कोण फक्त पाहुणं म्हणून येऊ शकतं, हा आरोप पूर्णपणे योग्य आहे. मात्र त्यातून पुढे 'म्हणून अशा मालिका गेलेल्याच बऱ्या' असं म्हणणारे तर्कात घसरतात. दीर्घ मालिकेतली जागा क्षुल्लक असती तर तिथून वगळलं जाणं हा अन्याय ठरलाच नसता. तो अन्याय इतका मोठा आहे, कारण त्या जागेत नटीला तीन दशकं सलग काम मिळतं, वय वाढत असताना मिळतं, आणि देश तिला रोज जेवणाच्या वेळी भेटतो. उपाय एकच, जागा वाढवायच्या आणि दारं उघडायची. जागाच संपल्या तर मेन वायट यांच्यानंतर येणाऱ्यांना आपण काय देणार?

नोकरीची सुरक्षितता हा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. करार संपतो, नूतनीकरण होईलच असं नाही, आणि लेखकांच्या एका बैठकीत पात्र दरीत कोसळू शकतं. उलट वयाचा मुद्दा पाहा. मॅकग्रेंजर चाळिशीच्या उंबरठ्यावर या भूमिकेत आल्या. चित्रपटांत याच वयानंतर बाईच्या भूमिका आटत जातात, नायिकेची आई, मग आजी, मग काहीच नाही. त्यांची कारकीर्द चाळिशीत सुरू होऊन बहात्तराव्या वर्षापर्यंत मध्यभागी राहिली. 'नेबर्स'मध्ये जॅकी वुडबर्न यांचंही तेच. १९९४ मध्ये सुझन केनेडी म्हणून आल्या आणि २०२५ च्या शेवटच्या भागापर्यंत होत्या. सुझनला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दीर्घ आजार झाल्याचं कथानक २००७ मध्ये आलं. दुसऱ्या एखाद्या माध्यमात असा आजार महिन्याभरात मृत्यू किंवा चमत्कार यांपैकी एकीकडे गेला असता. इथे सुझन तो आजार घेऊन शाळा चालवत राहिली, भांडत राहिली, आणि प्रेक्षकांना तो वर्षानुवर्षं अधूनमधून भेटत राहिला. दीर्घ आजार घरात असतो तो असाच.

ऑस्ट्रेलियाला हे नवं नाही. टीव्हीच्या आधी तिथे रेडिओ होता आणि एबीसी या सार्वजनिक नभोवाणीवर ग्वेन मेरेडिथ यांची 'ब्लू हिल्स' १९४९ ते १९७६ चालली, पंधरा-पंधरा मिनिटांचे ५,७९५ भाग. क्वीनी अ‍ॅश्टन यांचा ग्रॅनी बिशपचा आवाज दूरदूरच्या शेतांवर दुपारच्या जेवणाला ऐकला जायचा. त्या काळातही अशा कथांना बायकांचं करमणुकीचं साधन म्हणून नाक मुरडलं गेलं. मग १९५६ मध्ये टीव्ही आला आणि रेडिओवर कमावलेलं हे सगळं जवळजवळ वाया गेलं. १९६३ च्या व्हिन्सेंट समितीला आढळलं की तोवर दाखवल्या गेलेल्या नाट्यमय कार्यक्रमांपैकी ९७ टक्के अमेरिकेतून आयात केलेले होते. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या क्रॉफर्ड कंपनीची 'होमिसाइड' सुरू झाली, ५१० भाग चालली, आणि आपल्या उच्चारातली, आपल्या रस्त्यांवरची गोष्ट लोक बघतात हे सिद्ध झालं. त्यानंतर वाहिन्यांनी किती स्थानिक कार्यक्रम दाखवायचे याचे सरकारी कोटे आले, ते टिकले म्हणून 'प्रिझनर', 'अ कंट्री प्रॅक्टिस' आणि या दोन मालिका जगल्या. मागणी होतीच, पण आयात भाग एवढ्या स्वस्तात मिळत होते की नुसत्या मागणीवर काही उभं राहिलं नसतं.

आज प्रश्न पुन्हा तोच आहे, फक्त आयात आता अ‍ॅपमधून होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा केला: देशात दहा लाखांहून जास्त वर्गणीदार असलेल्या स्ट्रीमिंग सेवांनी ऑस्ट्रेलियातल्या कार्यक्रमखर्चाच्या किमान १० टक्के किंवा तिथल्या उत्पन्नाच्या ७.५ टक्के रक्कम नव्या स्थानिक कार्यक्रमांवर खर्च करायची. हे चांगलंच झालं. पण कायदा खर्च मोजतो. त्याला किती तासांचं काम झालं, किती वर्षं झालं, याची फिकीर नाही. बाहेरून बोलावलेल्या ताऱ्याला घेऊन सहा भागांची महागडी मालिका काढली की हिशेब पूर्ण होतो. जुन्या वाहिन्यांचा कोटा मोजण्यासाठी २०२१ पासून जी गुणपद्धत आहे तिच्यातही ताशी खर्च जितका जास्त तितके ताशी गुण जास्त. म्हणजे धोरणच सांगतं की थोडं करा, झगमगीत करा. रोजच्या मालिकेला कमी लेखण्याची सवय चर्चेपुरती राहिलेली नाही, ती गुणांच्या तक्त्यात जाऊन बसली आहे. आणि हॉलिवूडची यादी वाचून बचाव करणाऱ्यांना या तक्त्यावर काही बोलताच येत नाही, कारण त्यांच्याही लेखी मोल झगमगाटालाच आहे.

याचा परिणाम काय होतो ते 'नेबर्स'ने दोनदा दाखवलं. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या चॅनल ५ ने मालिका घेणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं, तिकडून येणारा पैसा आटला आणि जुलैमध्ये ती बंद झाली. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने उचलली, २०२५ मध्ये सोडली, पुन्हा बंद. दोन्ही वेळा मेलबर्नमधल्या कलाकारांचं आणि तंत्रज्ञांचं काम थांबलं ते देशाबाहेरच्या एका खरेदीदाराच्या निर्णयाने. 'होम अँड अवे' अजून चालू आहे, सेव्हन वाहिनीच्या जोरावर, आणि ब्रिटनमध्ये तीही चॅनल ५ वरच दिसते. कायद्यात तरतूद हवी ती इथे: वर्षभर चालणाऱ्या, ठरावीक तासांहून जास्त नवं नाट्य देणाऱ्या मालिकेवर खर्च केलेला प्रत्येक डॉलर दीडपट किंवा दुप्पट धरायचा, आणि मालिका सलग तिसऱ्या-चौथ्या वर्षात गेली की हे वजन आणखी वाढवायचं. तसं झालं तर चाळिशीतल्या अभिनेत्रीशी दहा महिन्यांऐवजी दहा वर्षांचा विचार करून करार करणं कंपनीलाही परवडेल, आणि त्या जागांसाठी निवड करताना मागच्या तीस वर्षांत जे बाहेर ठेवले गेले त्यांना आत घेण्याची अट घालायलाही सरकारच्या हातात काहीतरी असेल.